'कोंत्र' म्हणजे नेहमी विरुद्धच का?

प्रश्न : फ्रेंच शिकतेय. 'कोंत्र-' उपसर्ग दिसला की इंग्रजीत 'काउंटर-' आणि मराठीत 'विरोधी' किंवा 'प्रति-' लावायचं, असा मी नियमच करून टाकला होता. 'कोंत्राताक' म्हणजे काउंटरअटॅक, प्रतिहल्ला. छान चाललं होतं. काल 'कोंत्रामिराल' आला आणि गाडी अडली. विरोधी अ‍ॅडमिरल कसा असेल?

उत्तर : ताई, तो रिअर अ‍ॅडमिरल. कारखान्यातला 'कोंत्रमेत्र' म्हणजेही मालकाचा शत्रू नव्हे, मुकादम. या दोन्हींत 'कोंत्र' म्हणजे मुख्याच्या लगतचा, त्याच्या हाताखालचा.

उपसर्ग बाजूला ठेवून आधी सुटं 'कोंत्र' कसं वापरतात ते पाहा. शिडी भिंतीला टेकवली तर 'कोंत्र'. खोकल्यावरचं औषध, तिथेही 'कोंत्र'. एका वस्तूच्या बदल्यात दुसरी घेतली, तरी 'कोंत्र'. मराठीत 'ला', 'वर', 'च्या बदल्यात' असं दरवेळी वेगळं येतं आणि 'विरुद्ध' एकदाही येत नाही. समोर असणं, भिडून असणं हा या शब्दाचा गाभा आहे. समोरचा भांडायला उभा राहिला की मग 'विरुद्ध'.

आपल्या 'प्रति'चंही तसंच आहे. प्रतिपक्ष भांडतो, पण प्रतिबिंब आणि प्रतिनिधी कुणाशी भांडतात?

माझा सर्वांत आवडता शब्द 'कंट्रोल'. मूळ फ्रेंच जोड 'कोंत्र' अधिक 'रोल'. रोल म्हणजे गुंडाळी करून ठेवलेली नोंदवही. मूळ नोंदीसमोर ताडून पाहायला जी दुसरी वही ठेवत, ती 'कोंत्ररोल'. ही तर सरळ आपली 'प्रत'! फ्रेंचमध्ये तपासणीचा हा अर्थ अजून जिवंत आहे. तिथला रेल्वेतला 'कोंत्रोलर' म्हणजे आपला टीसी, शाळेतला 'कोंत्रोल' म्हणजे चाचणी. इंग्रजीत मात्र तपासणाऱ्याच्या हाती सत्ता गेली आणि कंट्रोल म्हणजे ताबा झाला. भाषांतरात इथे फार जपायला हवं. पासपोर्टचा 'कोंत्रोल' म्हणजे पासपोर्ट तपासणं. तिथे 'नियंत्रण' लिहिलेलं पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण वाक्य शुद्ध दिसतं आणि अर्थ निसटलेला असतो.

'कोंत्रतां'नेही मला एकदा फसवलं. एका बाईंनी पत्रात लिहिलं होतं की 'कोंत्रतां'मुळे येता आलं नाही. इंग्रजीत हाच शब्द किरकोळ खटक्यासाठी वापरतात, म्हणून मी समजलो, घरात वाद झाला असेल. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ फक्त आयत्या वेळची अडचण. संगीतात ठेका सोडून मधल्या जागी आघात देतात, तेही 'कोंत्रतां'.

'कोंत्रदांस'ची गंमत वेगळीच. हे मूळचं इंग्रजी कंट्री डान्स, म्हणजे खेड्यातलं नाच. फ्रान्समध्ये गेल्यावर नाचणारे समोरासमोर रांगा करून उभे राहतात हे पाहून लोकांनी 'कंट्री'चं 'कोंत्र' केलं. ही चूक खरी, पण इंग्रजी 'कंट्री' हा शब्द जुन्या फ्रेंच 'कोंत्रे'वरून आलेला, आणि त्याचा मुळातला अर्थ समोर पसरलेला मुलूख. म्हणजे चुकून का होईना, शब्द आपल्याच घरी परतला.

आणि आपल्या वर्तमानपत्रांतलं 'एन्काउंटर'? तेही याच मुळातलं. आपल्याकडे ते वाचलं की गोळीबार आठवतो. फ्रेंचमधल्या त्याच्या भावंडाचा, 'रांकोंत्र'चा, अर्थ साधी भेट. प्रेमात पडलेल्यांची पहिली भेटही 'रांकोंत्र'च.

प्रश्न : मग दुकानातलं काउंटरही यातलंच ना?

उत्तर : नाही, तिथे थांबा. ते 'मोजणे' या क्रियापदाचं, फ्रेंच 'कोंते'चं. ज्यावर पैसे मोजायचे ते फळकूट. पण ही गल्लत जुनीच आहे. इंग्लंडच्या कारकुनांना 'कंट्रोलर'मध्येही हिशेबाचा 'कोंत' दिसला आणि त्यांनी स्पेलिंगमध्ये 'एम' आणि 'पी' घुसवले. आपल्या 'कॅग'मधल्या (कंट्रोलर अँड ऑडिटर जनरल, सरकारी हिशेब तपासणारे) पहिल्या शब्दाचं स्पेलिंग आजही तसंच लिहितात. उच्चार मात्र 'कंट्रोलर' असाच करायचा.