गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके, खालून पानगळ: मदत हवी आहे

कुंडीतला गुलाब तीन वर्षांचा आहे. पंधरा दिवसांत निम्मं झाड उघडं पडलं. सुरुवात अगदी खालच्या पानांपासून झाली. पानाच्या वरच्या बाजूला मसुराएवढे काळे ठिपके, पण कडा रेखीव नाहीत. टीपकागदावर शाई फुटावी तशा झालरदार. भोवतीचं पान पिवळं पडतं आणि हात लागला तरी गळतं. आता मधल्या फांद्यांवरही चढलंय. शेंड्याची लालसर पालवी अजून स्वच्छ आहे, तीन कळ्या आहेत, त्यांच्यासाठी जीव तुटतो.

भिंगातून पाहिलं, कोळी किंवा जाळी नाही. भुरीसारखी पांढरी पूडही नाही. कडुनिंबाचं तेल दोनदा फवारलं, शेवटचं चार दिवसांपूर्वी. पाणी संध्याकाळी झारीने वरून घालते, पानं धुतली जावीत म्हणून. गळलेली पानं आच्छादन म्हणून कुंडीतच ठेवली आहेत.

ही बुरशी आहे की मॅग्नेशियम कमी पडतंय? सगळं झाड छाटून टाकू का?

उत्तर:
कडांचं वर्णन इतकं नेमकं केलंत की शंका उरत नाही. ही डिप्लोकार्पन रोझी नावाची बुरशी. सर्कोस्पोरा या दुसऱ्या बुरशीचे ठिपके मध्ये राखाडी आणि कडेला जांभळट असतात. मॅग्नेशियम कमी पडलं तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो, असे काळे ठिपके येत नाहीत.

आधी संध्याकाळची झारी थांबवा. या बुरशीचे बीजाणू रुजायला पान सलग सातेक तास ओलं लागतं, आणि तुमचं झाड रात्रभर ओलं राहतंय. सकाळी, फक्त मुळाशी पाणी द्या. कुंडीतली पानं आजच उचला, कंपोस्टमध्येही नकोत. बुरशी त्यांच्यातच टिकून राहते. ठिपक्यांची पानं काढा, पण झाड पूर्ण छाटू नका, उरलेल्या पानांवरच ते जगणार आहे. फांद्यांवर जांभळट काळे डाग असतील तर खालच्या निरोगी भागापर्यंत कापा आणि दर वेळी कात्री स्पिरिटने पुसा.

मग मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, लेबलवरच्या प्रमाणात, हातमोजे आणि मास्क घालून, दर 7 ते 10 दिवसांनी फवारा. गंधक आत्ता नको, तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, नाहीतर पानं करपतात. जुने ठिपके पुसले जाणार नाहीत. औषध नव्या पालवीला वाचवतं. तेव्हा लक्ष शेंड्याकडे ठेवा.

प्रश्नकर्ती:
पानं आत्ताच गोळा केली, पिशवी भरली. फांद्यांवर दोन डाग सापडले. एक कापला. दुसरा मात्र सगळ्यात मोठ्या कळीच्या फांदीवर, वीतभर खाली आहे. ती उमलेपर्यंत थांबलं तर चालेल?

उत्तर:
थांबा. औषध सुरू केलंत तर आठवड्याभराने फार बिघडणार नाही. फूल उमललं की डागाच्या खालून लांब देठासकट कापा आणि घरात फुलदाणीत ठेवा.