पोल्ट्रीवरच्या मजुराला मास्क दिला की मालकाची जबाबदारी संपली का?

माळरान: थंडी पडली की ब्रॉयलर (मांसाच्या कोंबड्या) शेडचे पडदे गच्च बंद होतात आणि आतला मजूर अमोनियात दिवस काढतो. निळा मास्क हातात दिला की मालक मोकळा. माझं मत: आधी लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला तुसाचा थर) आणि हवा, मास्क सगळ्यात शेवटी. अमोनिया हा वायू आहे, एन-95 त्याला अडवत नाही. तो फक्त धूळ अडवतो. अमोनियाचं प्रमाण 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) आत हवं. रोज आत राबणाऱ्याच्या नाकाला तो वास कळेनासा होतो, त्यामुळे ‘आम्हाला सवय आहे’ हा काही पुरावा नव्हे.

पाचहजारी: बोलणं सोपं आहे. करारावरच्या शेतकऱ्याला किलोमागे ग्रोइंग चार्ज, म्हणजे कंपनीची पिल्लं वाढवून देण्याची मजुरी मिळते. पडदे उघडले आणि पिल्लं गारठली तर मर आमच्या माथी. एक्झॉस्ट पंख्यांचे पैसे कंपनी देणार आहे का?

माळरान: पंखे कोण मागतंय? पडदा खालून पक्का आणि वरून सोडता येईल असा बांधा. पिल्लांवर झोत न येता वरच्या फटीतून वायू निघून जातो. निपलची (पक्ष्यांच्या पाण्याच्या तोटीची) गळती रोज बघा. मूठभर लिटर आवळून सोडा: गोळा तसाच राहिला तर ओलं, जेमतेम चिकटून सुटलं तर ठीक. ओला भाग काढून कोरडं तूस टाका.

पाचहजारी: ओल्या लिटरवर आम्ही चुना मारतो.

पशुवैद्य_रजेवर: पक्षी आत असताना नको. चुन्याने सामू (पीएच) वाढतो आणि लिटरमधला अमोनिया एकदम सुटतो. खालीवर करणाऱ्याच्या तोंडावरच येतो तो. चुना रिकाम्या शेडला.

माझा मोठा आक्षेप मात्र जंतू मारायला रिकाम्या शेडला देतात त्या फॉर्मेलिनच्या धुरीला आहे. 100 घनफुटाला 40 मिली फॉर्मेलिन आणि 20 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट हे एकपट प्रमाण. म्हणजे 100 × 30 × 10 फुटांच्या शेडला 12 लिटर फॉर्मेलिन आणि 6 किलो परमँगनेट. यातून निघणारा फॉर्मल्डिहाइड वायू पडद्यांच्या शेडमध्ये टिकत नाही. निर्जंतुकीकरण अर्धवट आणि कर्करोगकारक वायू मजुराच्या छातीत. अशा शेडला धुलाई, पूर्ण वाळवण आणि चुन्याचा हात, एवढंच करा.

अंडीवाला_नगर: असहमत. हॅचरीत (अंडी उबवण्याच्या जागी) आणि बंदिस्त खोलीत धुरीला तोड नाही. चूक पद्धतीत होते. भांडं मातीचं किंवा धातूचं, खोल. प्लास्टिकचं नको, मिश्रण तापून उसळतं. आधी परमँगनेट, मग त्यावर फॉर्मेलिन. उलट कधीच नाही. लांबच्या भांड्यापासून दाराकडे येत जायचं, दुसरा माणूस दाराबाहेर उभा.

पशुवैद्य_रजेवर: बंदिस्त खोलीपुरतं मान्य, पण फॉर्मल्डिहाइड अडवणाऱ्या कार्ट्रिजचा (वायू शोषणाऱ्या डबीचा), डोळे झाकणारा मास्क असेल तरच. तो किती ठिकाणी असतो? तो नसेल तर धुरीही नको.

आणि लेअरवाल्यांसाठी (अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी) एक. तेलातली लस टोचताना सुई बोटात गेली तर ‘साधं टोचलंय’ म्हणून हळद लावून बसू नका. खनिज तेलाने बोट सुजून रक्तपुरवठा तुटतो, बोट कापायची पाळी येते. लसीचा खोका आणि माहितीपत्रक घेऊन लगेच सर्जन गाठा. तेलाची लस आहे हे आधी सांगा, नाहीतर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील.

पाचहजारी: लसीचं माहीत नव्हतं, टोळीला सांगतो. पडद्याचंही करून बघेन. पण मास्क-हातमोज्यांचा खर्च करारातच कंपनीकडे हवा, यावर मी ठाम आहे.

माळरान: त्याला माझा पाठिंबाच आहे. पुढच्या करारात पिल्लं, खाद्य, औषधं यांच्याच यादीत ते लिहून मागा.