शिकागो दोन दिवसांत बाबांना कसं दाखवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरमध्ये आई-बाबा माझ्याकडे येतायत आणि आम्ही दोन दिवस शिकागोला जाणार आहोत. बाबांची अख्खी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. त्यांना उंच इमारतींपेक्षा नदीचं वेड आहे. शहराची घाण पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात, मिशिगन सरोवरात जायची, म्हणून २८ मैलांचा कालवा खणून १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवला! परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेनाने उतार काढून मला समजावलं. नदी सरोवराला मिळते तिथे जे लॉक आहे, म्हणजे पाण्याची पातळी जुळवून बोटी पलीकडे सोडणारा दरवाज्यांचा कप्पा, त्याचे दरवाजे उघडताना बघायचेत त्यांना. काठावरून नीट दिसतं का, की बोटीतूनच जावं लागेल? कुठली बोट लॉकमधून जाते?

१८७१ च्या आगीतून वाचलेला वॉटर टॉवर तर बघणारच. आईला आर्ट इन्स्टिट्यूट बघायचंय, विवेकानंद १८९३ मध्ये तिथेच बोलले म्हणून.

आणखी एक. अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीयांनी इथे जो ब्लूज हा संगीतप्रकार घडवला, तो ऐकल्याशिवाय शिकागो पाहिलं असं मला तरी वाटत नाही. संध्याकाळी लवकर सुरू होणारी, बसायला नीट खुर्च्या असलेली जागा माहीत आहे का? बाबांचे गुडघे दुखतात, जिने फार चढवत नाहीत. तिथे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.