बर्फाच्या गावी राहताना: परदेशातल्या हिवाळ्याचे तुमचे अनुभव

निफाडचा पारा पाचच्या खाली गेला की नाशिकच्या पेपरात ठळक बातमी येते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की लोक भल्या पहाटे बघायला जातात. तेवढ्याच थंडीची सवय असलेले आपण कितीतरी जण आता अशा गावांत राहतो, जिथे उणे वीसची कुणाला बातमी वाटत नाही. बर्फाचे फोटो पुष्कळ पाहून झाले. इथे राहण्याबद्दल लिहा: घर, गाडी, रस्ता, सणवार, आणि मनात घर करून राहिलेला देखावा असेल तर तोही. पहिल्यांदाच हिवाळा काढणाऱ्यांना याचा खरंच आधार होतो. सुरुवात मी करते.

मिनिआपोलिस, अमेरिका
३० जानेवारी २०१९ ला इथे उणे २८ फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे ३३ सेल्सियस. वारा धरला तर उणे पंचेचाळीसच्याही खाली. शाळा बंद होत्या, टपालवाटपसुद्धा थांबवलं होतं. आणि बाहेर लख्ख ऊन! आपल्या डोक्यात ऊन म्हणजे ऊब हे इतकं पक्कं बसलेलं असतं की हे पचायला वेळ लागतो. आभाळात ढग नसले की जमिनीची उष्णता रात्रभर सरळ वर निघून जाते, म्हणून कडाक्याचे दिवस बहुतेक निळ्याशार आभाळाचेच असतात. नव्याने आलेल्यांना मी हेच आधी सांगते: खिडकीतून बघून कपडे ठरवू नका, वाऱ्यासकटचं तापमान बघा. एका जाड जॅकेटपेक्षा तीन पातळ थर बरे, आणि मुलांची कानटोपी, मोजे, हातमोजे यांत अजिबात तडजोड नको.

डाउनटाउनमध्ये रस्त्याच्या वर, एक मजला उंचीवर, काचेच्या बंद पुलांनी इमारती जोडलेल्या आहेत. ही स्कायवेची साखळी जवळजवळ १५ किलोमीटर लांब आहे. ऑफिस, बँक, जेवण, सगळं कोट न चढवता उरकता येतं. एखादं शहर थंडीची एवढी तयारी ठेवतं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

विनिपेग, कॅनडा
आमच्याकडे गाडीची काळजी आधी. पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीपुढे विजेचा खांब आणि सॉकेट असतो. बॉनेटमधून एक वायर बाहेर काढलेली असते, ती रात्री प्लगला लावायची. आत इंजिनाला ब्लॉक हीटर असतो. थंडीने ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीचा जोर ओसरतो. रात्री हीटर चालू असला की गाडी सकाळी विनातक्रार सुरू होते. डिकीत फावडं, ब्लँकेट आणि थोडं खाणं कायम ठेवा. हायवेवर अडकलात तर तेच उपयोगी पडतं.

देखाव्याचं विचाराल तर सनडॉग. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना दोन तेजस्वी डाग दिसतात, सूर्याकडची कड तांबूस. हवेतल्या बर्फाच्या बारीक स्फटिकांमधून ऊन वळतं, त्याचा हा खेळ. त्या वेळी श्वासाची वाफ पापण्यांवर गोठते आणि बुटाखाली कोरडा बर्फ करकरत असतो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिने आधी हात जोडले, मग म्हणाली, “आता आत जा बघू.”

माँट्रियाल, कॅनडा
बर्फापेक्षा गोठणाऱ्या पावसाला जपा. पाणी पडतं आणि फांदीवर, तारेवर, पायरीवर काच होऊन बसतं. दिसायला अप्रतिम, चालायला महाकठीण. जानेवारी १९९८ च्या अशाच वादळात विजेचे मनोरे कोसळले आणि काही भागांत कित्येक आठवडे दिवे नव्हते. आमच्या शेजारच्या आजी अजून त्या दिवसांबद्दल सांगतात. इथे १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे आहेत. बर्फ उचलणारी यंत्रं येण्याआधी भोंगा वाजतो, तो ऐकला की गाडी हलवायची.

साप्पोरो, जपान
वीस लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, आणि हिवाळाभरात सुमारे पाच मीटर बर्फ पडतो! ओदोरी पार्कमधला हिमोत्सव १९५० साली शाळकरी मुलांनी केलेल्या सहा बर्फशिल्पांपासून सुरू झाला. तो बघाच, पण मला जास्त भावते ती चौकातली वाळूची पेटी. पेटीत वाळूच्या छोट्या पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. घसरडं दिसलं की येणारा-जाणारा कुणीही पिशवी उचलतो, फाडतो, मागून येणाऱ्यांसाठी वाळू पसरतो आणि पुढे जातो. मीही आता न विसरता पसरतो.

श्टुटगार्ट, जर्मनी
इथे घरासमोरचा फुटपाथ आपणच साफ करायचा. आमच्या इमारतीत भाडेकरूंच्या पाळ्या लावलेल्या आहेत. माझ्या पाळीला सकाळी सातच्या आत फावडं घेऊन खाली, मग ऑफिस.

ट्रोम्सो, नॉर्वे
थंडीचं सगळ्यांनी लिहिलंय, मी अंधाराचं लिहिते. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य उगवत नाही. अगदी काळोख नसतो, दुपारी काही वेळ बर्फावर निळा उजेड पसरतो, तो फार सुंदर असतो. पण मन जड होतं, झोपेचं गणित कोलमडतं. हे लपवू नका, डॉक्टरांशी बोला. ‘ड’ जीवनसत्त्व, ठरलेल्या वेळी उठणं आणि रोज माणसांत मिसळणं, हे तिन्ही मी पाळते. लोक खिडक्यांत कागदी चांदण्यांचे दिवे लावतात, आम्ही दिवाळीचा आकाशकंदील उतरवतच नाही. २१ जानेवारीच्या सुमारास सूर्य परततो, तेव्हा सगळं गाव जॅम भरलेले गोड बन खातं. आमच्याकडे त्यासोबत तिळगूळ.

टोरांटो, कॅनडा
तिळगुळावरून आठवलं. मंडळाच्या संक्रांतीला हॉलच्या दारात स्नोबुटांचा ढीग असतो आणि प्रत्येकीच्या पिशवीत चपला. काळी चंद्रकळा, आत थर्मल, वरून गुडघ्यापर्यंतचा कोट. हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाला गाडीतून आत आणेपर्यंत चार जणी आडोसा धरून उभ्या! बोरनहाण मात्र दर वर्षी थाटात होतं.

एडमंटन, कॅनडा
नव्यानेच आलोय. घरात दही लागतच नाही, काय करू?

मिनिआपोलिस, अमेरिका
कोमट दुधात नेहमीपेक्षा जरा जास्त विरजण घाला आणि भांडं झाकून ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हन पेटवायचा नाही, फक्त आतला दिवा लावून ठेवायचा. सकाळपर्यंत घट्ट लागतं.