चार आसनी विमानात पाच वर्षांच्या मुलासाठी उंच उशी : स्वस्तात कोणती घ्यावी?

शहापूर_बेळगाव :
नमस्कार. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. त्याच्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना असून मित्रांबरोबर भागीदारीत घेतलेले जुने सेसना 172 विमान आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिकडे जाणार आहोत आणि मामाच्या विमानात बसायचे म्हणून आमच्या चिरंजीवांनी आतापासूनच घर डोक्यावर घेतले आहे. तो पाच वर्षांचा आहे. वजन 17 किलो, उंची 106 सेंटिमीटर. मागच्या आसनावर बसल्यास त्याला खिडकीतून नुसते आभाळ दिसेल, असे भाऊ म्हणतो. तिकडे वैमानिकांसाठी मिळणाऱ्या उशा मला महाग वाटल्या, म्हणून खडेबाजारातल्या गादीवाल्याकडून चार इंच जाडीची स्पंजची उशी, वर खणाचे कापड लावून, 350 रुपयांत करून घेतली. ती चालेल का, की काथ्याची करून घ्यावी?

निपाणीकर :
ताई, उशीपेक्षा मोटारीत वापरतात ती बिनपाठीची बूस्टर बैठक घ्यावी. तिचा तळ कडक प्लास्टिकचा असल्यामुळे ती दबत नाही. कोल्हापूरला जाता-येता आम्ही मुलीला तिच्यावरच बसवतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 14 वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बाल-आसनाविना नेल्यास 1000 रुपये दंड आहे, त्यामुळे ती घरात असलेली बरी. तीच विमानातही उपयोगी पडेल.

सांबरा_प्रशिक्षणार्थी :
दादा, मोटारीसाठी आपला सल्ला योग्य आहे, परंतु विमानासाठी नाही. बूस्टर बैठक मुलाला धरून ठेवत नाही. ती त्याला फक्त इतके उचलते की मोटारीचा खांद्यावरून येणारा पट्टा गळ्यावर न येता छातीवर बसावा. जिथे तो पट्टाच नाही, तिथे तिचा उपयोग उरत नाही, आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांत अशा बैठकीला विमानासाठी मान्यताही नाही. तिथे लहान विमानांत पुढच्या आसनांना खांद्याचा पट्टा 1978 नंतर आणि मागच्या आसनांना 1986 च्या डिसेंबरनंतर बांधलेल्या विमानांपासून सक्तीचा झाला. ताई, भावाच्या विमानाचे वर्ष आधी विचारून घ्या.

आता उशीविषयी. माझी उंची पाच फूट एक इंच असल्याने मी स्वतः उशी घेऊनच विमान चालवते, त्यामुळे उशीला माझा विरोध नाही. विरोध मऊ उशीला आहे. विमान जोरात आदळले की आसन थांबते, पण स्पंज पूर्ण दबेपर्यंत अंग खाली जातच राहते आणि मग एकदम आपटते, म्हणजे मणक्याला बसणारा दणका उशीमुळे कमी होण्याऐवजी वाढतो. शिवाय उशी दबताच ताणून बांधलेला कमरपट्टा सैल होतो. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडांवर पट्टा अडकून राहतो, पण पाच वर्षांच्या मुलाची ती हाडे पुरती वाढलेली नसतात. त्यामुळे मूल पट्ट्याखालून पुढे घसरते आणि पट्टा पोटात रुततो. काथ्याची उशी थोडी कमी दबेल, एवढाच फरक. ग्लायडरचे (बिनइंजिनाच्या विमानाचे) वैमानिक सावकाश दबणारा आणि सावकाशच उठणारा घट्ट फोम वापरतात (या जातीचा फोम 1966 मध्ये नासाच्या कामातून निघाला), पण तोही मुलाला पट्टा नीट बसवून देत नाही.

घरीच पाहा : मुलाला उशीवर बसवून कमरेभोवती आणि खुर्चीभोवती ओढणी घट्ट बांधा, आणि मग त्याचे दोन्ही खांदे खाली दाबा.

शहापूर_बेळगाव :
करून पाहिले. भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या, तर चार इंचांच्या उशीवर तो जेमतेम दीड इंच उंच झाला. खांदे दाबल्यावर ओढणीखालून माझी मूठ आरपार गेली. भावाचे विमान 1975 चे आहे आणि मागे फक्त कमरपट्टा आहे. मग स्वस्तातला मार्ग कोणता? विमानाच्या आसनाच्या पाठीला अडकवून मुलाच्या खांद्यांवरून घेतात तो केअर्स नावाचा पट्टा घ्यावा का?

सांबरा_प्रशिक्षणार्थी :
केअर्स 100 सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आपला मुलगा त्यातून बाहेर गेला. त्याला स्वतःचे पाच पट्टे असलेले मोटारीचे साधे आसन लागेल. ते विमानाच्या कमरपट्ट्यानेच बांधता येते आणि त्याचा तळ कडक व उंच असल्याने मुलाला खिडकीबाहेरचेही दिसते. इथून ओझे नेऊ नका. तिकडे साधी आसने पन्नास-साठ डॉलरांपासून मिळतात. मात्र हे आसन मोटार आणि विमान या दोन्हींसाठी प्रमाणित असल्याचा लाल अक्षरांतला मजकूर त्यावर आहे ना, आणि 106 सेंटिमीटर उंची त्याच्या मर्यादेत बसते ना, हे विकत घेण्यापूर्वी वाचून पाहा; अगदी स्वस्त आसनांची मर्यादा तिथेच कुठेतरी संपते. आसन मागेच बांधा, कारण पुढे मुलाचे हातपाय नियंत्रणांपर्यंत पोहोचतात. आसनाचे वजनही भावाला कळवा. चार आसनी विमानात वजनाचा हिशेब करूनच निघतात.

शहापूर_बेळगाव :
आभारी आहे. भावाच्या शेजाऱ्याकडे असे एक आसन पडून आहे. ते अपघातात सापडलेले नाही ना आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहून त्यावरच्या मजकुराचे छायाचित्र पाठवायला मी भावाला सांगितले आहे.