'डिपेन्डन्सी'ला अवलंबित्व म्हणावं का?

प्रश्न
कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. मुलं कागल, राधानगरी, गारगोटीकडून येतात. मराठीतून सांगितलं की पटकन धरतात. 'मॉड्यूल' (कोडाचा स्वतंत्र भाग), 'रनटाइम' (प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) मी तसेच ठेवते. रनटाइमला 'कार्यकाळ' म्हटलं की त्यांना सरपंचाचा कार्यकाळ आठवतो. अडतं ते डिपेन्डन्सीपाशी, म्हणजे आपला प्रोग्रॅम ज्या बाहेरच्या तयार कोडवर टेकतो त्यापाशी. परवा फळ्यावर लिहिलं, 'जावा ११ साठी हे अवलंबित्व वेगळं जोडा.' एका मुलानं विचारलं, "मॅडम, अवलंबित्व जोडायचं कसं?" मला उत्तर देता आलं नाही. रनटाइमच्या आवृत्तीप्रमाणे बदलणाऱ्या डिपेन्डन्सीला काय म्हणावं?

उत्तर
ताई, त्या मुलाचा कान चांगला आहे. अवलंबित्व ही टेकणाऱ्याची अवस्था. मेव्हनच्या (जावाचा प्रोग्रॅम बिल्ड करणाऱ्या, म्हणजे बांधणाऱ्या साधनाच्या) फाइलीत आपण नोंदवतो ती वस्तू, जिच्यावर टेकायचं. वेल अवलंबून असतो, मांडव हा आधार. म्हणून 'आधार' घ्या: आधार जोडला, आधार काढला, दोन आधार एकमेकांशी जुळेनात. 'भिस्त' आणि 'मदार' मला फार आवडतात, पण ती ठेवायची असते, जोडता येत नाही.

दुसरं उत्तर
'आधार' पटला. 'आवृत्तीप्रमाणे बदलणाऱ्या' या भागाला 'आवृत्तीनिहाय' म्हणा, जिल्हानिहाय, गावनिहायसारखं. मल्टि-रिलीज जारला (जार म्हणजे जावा कोडाचा गठ्ठा) तो शब्द नेमका बसतो: जावा ९ पासून (२०१७) एकाच जारमध्ये ९, ११, १७ असे वेगळे कप्पे ठेवता येतात आणि चालू रनटाइम आपल्याला झेपेल तो कप्पा उघडतो. जावा ८ ला हे कप्पे दिसतच नाहीत, तो कप्प्यांबाहेरचा मूळ कोडच वाचतो.

पण ताईंचं फळ्यावरचं वाक्य जॅक्स-बीबद्दल (एक्सएमएल वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लायब्ररीबद्दल) असेल, तर तिथं 'निहाय' चुकेल. जॅक्स-बी जावा ८ मध्ये घरचंच होतं. ९ आणि १० मध्ये होतं, पण क्लासपाथवरच्या (मॉड्यूलमध्ये न बांधलेल्या) कोडला ते मुद्दाम मागून घ्यावं लागे. ११ मध्ये (सप्टेंबर २०१८) काढूनच टाकलं. म्हणजे ११ ला एक आणि १७ ला दुसरा आधार असं नव्हे, '११ पासून पुढे स्वतःचा आणा' एवढंच. हे 'पासून' मुलांकडून घोटून घ्या. मेव्हनच्या प्रोफाइलमध्ये (अट जुळली तरच लागू होणाऱ्या मांडणीत) जेडीकेची, म्हणजे जावाच्या विकास-संचाची अट नुसती ११ अशी लिहिली, तर १७ वर ती लागूच होत नाही. '११ आणि पुढे' असा पल्लाच द्यावा लागतो. शिवाय ती अट बिल्ड करणाऱ्या यंत्राचं जेडीके बघते, गिऱ्हाइकाच्या यंत्रावरचं रनटाइम नव्हे. यात मी स्वतः दोन दिवस घालवलेत.

प्रश्नकर्ती
आज 'आधार' आणि '११ पासूनचा आधार' असं शिकवलं. तो मुलगा पुढे येऊन स्वतः फळ्यावर लिहून गेला. आता मॉड्यूलच्या नोंदीतलं 'रिक्वायर्स स्टॅटिक' राहिलं. हा आधार कंपाइल करताना (कोड यंत्राच्या भाषेत बदलताना) सक्तीचा, चालवताना नसला तरी चालतो. 'ऐच्छिक आधार' म्हणावं तर सक्ती हरवते.

दुसरं उत्तर
'कंपाइलपुरता आधार'. 'पुरता' मध्ये सक्तीही आली आणि तिची हद्दही.