चौथीची मुले गणिताच्या तासाला पेंगतात: खिचडी, लोहाची गोळी आणि काय?

पाटीपेन्सिल:
चौथीचा वर्ग, पट २८. शाळा साडेदहाला भरते, खिचडी दीडला. बरीच मुले नुसता चहा-बटर खाऊन येतात. साडेअकराला हातच्याची वजाबाकी अर्धवट टाकून बाकावर डोके ठेवतात. जेवल्यावर तरतरीत होतात. तीन-चार जण मात्र जेवूनही मलूलच. लोहाच्या गुलाबी गोळ्या आल्या आहेत, पण पोरं ओकतात म्हणून पालक नको म्हणतात. शाळेच्या हातात काय आहे?

डाळतांदूळ:
तुम्हीच दोन गट पाडलेत, ते वेगळेच ठेवा. जेवल्यावर खुलणारं मूल उपाशी आहे. जेवूनही न खुलणाऱ्याचं रक्त तपासायला हवं.

उपाशी मुलांना परिपाठानंतर मूठभर भाजके शेंगदाणे नि गुळाचा खडा द्या. तेवढीही सोय नसेल तर गणित जेवणानंतर घ्या.

खिचडी अंदाजाने नको, वजनाने हवी. पहिली ते पाचवीला डोई १०० ग्रॅम तांदूळ, २० डाळ, ५० भाजी, ५ तेल. म्हणजे तुमच्याकडे डाळ ५६० ग्रॅम, भाजी १ किलो ४०० ग्रॅम, तीही निवडून-चिरून. चार बटाटे टाकले की भाजी झाली, असं होत नाही. वाढताना आणखी एक घोटाळा होतो: डाळ तळाला बसते, पहिल्या रांगेच्या ताटात नुसता भात पडतो. दर चार ताटांनी डाव तळापासून फिरवायला सांगा. लिंबू पिळायचं ते पातेलं उतरवल्यावर. आचेवर क जीवनसत्त्व जातं, आणि डाळ-पाल्यातलं लोह अंगी लागायला तेच हवं असतं.

आरोग्यवाट:
ओकारी बहुधा रिकाम्या पोटी गोळी दिल्यामुळे. ५ ते ९ वर्षांना आठवड्याला एक गुलाबी गोळी (लोह ४५ मिलिग्रॅम, फॉलिक आम्ल ४०० मायक्रोग्रॅम). दहा पूर्ण झालेल्यांना निळी, ६० मिलिग्रॅमची. चौथीत दोन्ही वयांची मुले असतात, जन्मतारीख बघूनच द्या. खिचडीनंतर, पाण्याबरोबर, तुमच्यासमोर गिळू द्या. चहा-दूध मागेपुढे तासभर नको. ताप असलेल्याला त्या दिवशी नाही. शी काळी होते, हे पालकसभेत आधीच सांगा. घरी ती अचानक दिसली की गोळ्या बंदच होतात. जंताची गोळी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला चुकवू नका.

त्या तीन-चार जणांना आरोग्य केंद्रात पाठवा. ५ ते ११ वयात हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली म्हणजे पंडुरोग (रक्ताची कमतरता). पापणी ओढून बघण्यावर विसंबू नका, सौम्य पंडुरोग डोळ्यांना दिसत नाही. आठवड्याची गोळी प्रतिबंधाची. उपचाराचा डोस वजनावर, तो डॉक्टर ठरवतात. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार) असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह देऊच नका.

तराजू:
एक सांगावंसं वाटतं. चांगल्या खिचडीने लक्ष टिकतं, हजेरी वाढते. जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांतली उपासमार मात्र चौथीत भरून निघत नाही. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ मध्ये काही गावांत लहान मुलांना प्रथिनयुक्त पेज दिली, काहींत नुसतं गोड पेय. पेजेच्या गावांतल्या मुली पुढे सरासरी वर्षभराहून जास्त शिकल्या. म्हणून अंगणवाडीताईंना पालकसभेला बोलवा, धाकटी भावंडं त्यांच्याकडेच आहेत. आणि खुरट्या उंचीच्या मुलाला कुणी ‘मंद’ म्हणत असेल तर तिथेच थांबवा.

पाटीपेन्सिल:
गोळीचा वार सोमवार. सुट्टी आली तर?

आरोग्यवाट:
मंगळवारी द्या. पुढच्या सोमवारी दोन एकदम नकोत.